ओठ झोपला, दाढ जागीच

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

वय ३६, राहणार सातारा, सहकारी बँकेत नोकरी. डावीकडची खालची अक्कलदाढ दीड वर्षात तीनदा सुजली. गेल्या गणपतीत, गौरी जेवल्या त्याच रात्री, एवढी ठणकली की सकाळी उठून जवळचा दवाखाना गाठला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला, पण दाढेला हत्यार लागलं की कळ थेट मस्तकात. दुसरं इंजेक्शन झालं, तिसरं झालं, तीच गत. शेवटी त्यांनीच हात थांबवला आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं.

आता सूज नाही. पण तीन डॉक्टरांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. पहिले म्हणतात, खुर्चीतच पुन्हा भूल देऊन काढू, त्यात काय. दुसरे म्हणतात, तुम्हाला भूल लागत नाही, हॉस्पिटलात पूर्ण भूल देऊ. त्यांच्याकडे हाड कापायचं पिएझो मशीन आहे, त्यानं नसेला धक्का लागत नाही म्हणे, खर्च मात्र दुप्पट. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहून सांगितलं, नस मुळांना खेटलेली दिसते, वरचा भाग कापून काढू आणि मुळं आत ठेवून देऊ. हे मला अर्धवट काम वाटतं.

मी बासरी वाजवतो. पोटापाण्यासाठी नाही, पण भजनी मंडळात वीस वर्षं वाजवतोय. ओठ कायमचा बधीर झाला तर काय करू? आई म्हणते दाढ काढली की नजर जाते. तिचं असो, पण या तिघांतलं कुणाचं ऐकू?

– एक बासरीवाला

उत्तर

आधी आईंचं निकालात काढू, कारण दाढ काढायच्या दिवशी दाराशी उभ्या राहून अडवणार त्याच. डोळ्यानं दिसतं ते ज्या नसेमुळं, ती मेंदूतून सरळ डोळ्यात जाते. खालच्या दाढांची नस वेगळी, तिची वाट वेगळी. पूर्वी माणसं दाढा काढायला चाळिशीत यायची आणि चष्माही चाळिशीतच लागायचा. बहुधा तिथूनच ही गाठ पडली असावी. आईंना सांगा, डॉक्टरीणबाईंनी हमी दिलीय.

आता तुमचं. पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले: ‘तुम्हाला भूल लागत नाही.’ हे वाक्य खुर्चीत बसलेल्या कितीतरी जणांकडून मी ऐकलंय, आणि खोदून विचारलं की कळतं, ते त्यांना एखाद्या डॉक्टरनंच सांगितलेलं असतं. भूल अजिबात न लागणारा माणूस फार विरळा. चुकीच्या दिवशी, चुकीच्या जागी पडलेली भूल मात्र रोजची गोष्ट आहे. तुमचा ओठ जड झाला होता ना? म्हणजे औषध नसेपर्यंत पोचलं होतं. मग दाढ का जागी राहिली, ते बघू. ते कळलं की तुमच्या तीन डॉक्टरांपैकी दोघांचे मुद्दे आपोआप बाजूला पडतील.

वरच्या जबड्याचं हाड बाहेरून पातळ आणि आतून जाळीदार असतं. हिरडीत सुई टोचली की औषध झिरपत मुळाच्या टोकाशी जातं, काम संपलं. खालच्या जबड्याचं हाड म्हणजे सागवानी फळी. मोठ्या माणसाच्या मागच्या दाढांपाशी त्यातून औषध पुरेसं उतरत नाही. म्हणून नस हाडात शिरते त्या वेशीवरच तिला गाठावं लागतं. ही वेस म्हणजे जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या अंगाला असलेलं एक भोक. ते दिसत नाही आणि बोटाला लागतही नाही, कारण त्यावर स्नायूंची चादर. प्रत्येकाच्या जबड्यात ते थोडं वर, थोडं खाली, थोडं मागे. त्यामुळं चांगल्या हातानं दिलेला ब्लॉकसुद्धा, म्हणजे नसेला अशी वाटेत गाठून दिलेली भूलसुद्धा, शंभरात पंधरा-वीस वेळा पुरता लागत नाही. आमच्या धंद्यातलं हे उघड गुपित आहे आणि ते पेशंटला आधीच सांगितलं पाहिजे असं माझं मत. सांगितलं नाही की दोष पेशंटच्या अंगाला चिकटतो, तुमच्या चिकटला तसा.

ही पद्धत जुनी आहे. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड या सर्जननं कोकेन टोचून ही नस पहिल्यांदा बधीर केली. प्रयोग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर केले, आणि त्यापायी बिचारा कोकेनच्या व्यसनात अडकला. औषध पुढं बदललं. आज आपल्याकडं वापरतात ते लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी तयार केलं. सुईची वाट मात्र थोड्याफार फरकानं तीच राहिली: तोंड मोठं उघडायचं, डॉक्टरचा अंगठा शेवटच्या दाढेच्या मागच्या हाडाच्या खोबणीत, सिरिंज विरुद्ध बाजूच्या दाढांवरून तिरकी आणायची, सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत जाते आणि हाडाला टेकते. टेकल्यावर ती केसभर मागे घ्यायची, दट्ट्या किंचित ओढून रक्त येत नाही ना ते पाहायचं, मग औषध सावकाश सोडायचं.

हाडाला टेकणं किती महत्त्वाचं, हे मी माझ्याच चुकीनं शिकले. शिकाऊ होते, ओपीडीत दुपारची गर्दी. एका बाईंना ब्लॉक देताना सुई बरीच मागे गेली, हाड लागलंच नाही, तरी मी औषध सोडलं. पाच मिनिटांनी बाई म्हणाल्या, ‘डोळा मिटंना.’ अर्धा चेहरा लुळा पडलेला. औषध गालामागच्या लाळग्रंथीत गेलं होतं आणि चेहरा हलवणारी नस तिच्या पोटातूनच जाते. दोनेक तासांत सगळं पूर्ववत झालं. तोवर त्यांच्या डोळ्यावर पट्टी बांधून मी शेजारच्या बाकावर बसून होते आणि माझा स्वतःचा चेहरा कसा दिसत असेल याची कल्पना करत होते. दाढ अर्थातच तोवर टक्क जागी होती.

तुमच्या बाबतीत त्या सकाळी काय झालं असावं? पहिली गोष्ट, तोंड दोन बोटं उघडत होतं. वर लिहिलेली सगळी कसरत तोंड मोठं उघडल्यावरची आहे. जबडा अर्धवट मिटलेला असला की नस त्या भोकापासून बाजूला सैल पडते आणि सिरिंजला हवा तो कोन मिळत नाही. अशा तोंडात तीच सुई त्याच वाटेनं तीनदा घालणं म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून तीच किल्ली तीनदा फिरवणं.

दुसरी गोष्ट सूज. सुजलेल्या जागी ऊतींमधलं पाणी आंबट होतं आणि भुलेच्या औषधाला नसेच्या पापुद्र्यातून आत शिरायला ते नको असतं. तुम्ही म्हणाल, सुई तर दाढेपासून लांब दिली होती. बरोबर. पण रात्रभर ठणकलेल्या दाढेची नस मुळातच चिडलेली असते. एरवी जेवढ्या औषधाला ती गप्प बसते तेवढ्याला त्या दिवशी बसत नाही. म्हणून ओठ झोपतो आणि दाढ जागी राहते. ओठाची बधिरता एवढंच सांगते की औषध मोठ्या नसेवर पडलं. दाढेचा गाभा झोपलाय याची ती पावती नव्हे. त्यात काही जणांना खालच्या दाढांकडं जाणारी एखादी चोरवाट असते, दुसऱ्या नसेची बारीक फांदी. शिवाय अक्कलदाढेच्या गालाकडच्या हिरडीची नस वेगळी, तिला स्वतंत्र सुई द्यावी लागते आणि घाईत ती राहून जाते.

तीन इंजेक्शनांनी औषध जास्त झालं का अशी शंका असेल तर ती काढून टाका. दोन टक्क्यांच्या लिग्नोकेनच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असतं आणि अॅड्रेनॅलिनसह देताना मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम. साठ किलोच्या निरोगी माणसाला ती वीस-एकवीस मिलिलिटरपर्यंत जाते. तीन सुयांचं औषध त्याच्या जवळपासही नाही. छातीत धडधडलं असेल तर ते अॅड्रेनॅलिन. रक्त कमी यावं आणि भूल टिकावी म्हणून ते मिसळलेलं असतं. रक्तदाब, हृदयाचा त्रास, थायरॉइड यातलं काही असेल तर पुढच्या वेळी आधी सांगा.

मग दुसरी किल्ली कोणती? दोन आहेत आणि दोन्ही गेल्या साठ-सत्तर वर्षांत आलेल्या. एक ऑस्ट्रेलियातल्या गो-गेट्स या दंतवैद्यांची, १९७३ची. त्यात सुई त्या भोकाच्या बरीच वर, जबड्याच्या सांध्याखालच्या मानेशी नेतात. कानाच्या पाळीवरची ती छोटी खाच असते ना, तिथं नेम धरायचा. तोंड आ वासलेलं लागतं आणि सुई काढल्यावरही काही मिनिटं तसंच उघडं ठेवावं लागतं. नस फांद्या फुटायच्या आधीच गाठली जाते, म्हणून चोरवाटाही बहुतेक बंद होतात आणि बहुतेक वेळा गालाकडच्या हिरडीची वेगळी सुई लागत नाही. तोटा म्हणजे चढायला वेळ लागतो, पाच ते दहा मिनिटं. तेवढा धीर डॉक्टरला हवा, पेशंटला असतोच. दुसरी किल्ली मिटलेल्या तोंडाची. वझिरानी यांनी १९६० साली आणि नायजेरियातल्या अकिनोसी यांनी १९७७ साली ती मांडली, म्हणून दोघांचं नाव जोडून घेतात. दात मिटलेले, गाल सैल, सुई वरच्या दाढांच्या हिरडीच्या रेषेत सरळ मागे. यात हाड लागत नाही, खोली अंदाजानंच ठरवायची, म्हणून काही डॉक्टरांना ती नकोशी वाटते. पण तुमच्यासारखं दोन बोटांचं तोंड समोर आलं तर हीच वाट. गौरीच्या दुसऱ्या दिवशी ती कुणी वापरली असती तर निदान तोंड तरी उघडलं असतं. दाढ मात्र त्या दिवशी काढायला नकोच होती, हे माझं मत.

औषध बदलूनही थोडा फरक पडतो. आर्टिकेन हाडातून लिग्नोकेनपेक्षा बरं झिरपतं. माझी सवय अशी की ब्लॉक लिग्नोकेननं द्यायचा आणि गालाकडून दाढेलगत थोडं आर्टिकेन सोडायचं. ब्लॉकसाठी चार टक्क्यांचं आर्टिकेन वापरल्यानं जिभेची बधिरता जास्त काळ रेंगाळते का, यावर आमच्यात वाद आहे. तो मिटेपर्यंत मी आपली जुन्या वाटेनं जाते. आणि दाढ उघडी पडल्यावरही दुखली तर थेट तिच्या गाभ्यात सुई देता येते. क्षणभर झणका बसतो, मग शांत.

एक बारकावा पेशंटला कुणी सांगत नाही. भूल उत्तम लागली तरी दाब कळतो, घरघर ऐकू येते, जबडा हलल्यासारखा वाटतो. ते दुखणं नव्हे. कळ आली तर हात वर करा आणि डॉक्टरनं थांबायचं, एवढा करार सुरू करण्याआधी करून घ्या.

आता दुसऱ्या डॉक्टरांकडं वळू. पूर्ण भूल ही वाईट गोष्ट नाही. चारही अक्कलदाढा एकदम काढायच्या, दाढ जबड्यात फार खोल आडवी, किंवा माणूस भीतीनं खुर्चीत बसूच शकत नाही, अशा वेळी मी स्वतः पाठवते. पण ती दिली की तपासण्या आल्या, उपाशी राहणं आलं, नाकातून श्वासाची नळी, भूलतज्ज्ञ, हॉस्पिटलचं बिल आलं. आणि गंमत म्हणजे झोपलेल्या पेशंटलाही सर्जन जबड्यात सुई देतातच, रक्त कमी यावं आणि उठल्यावर दुखू नये म्हणून. तुमच्या मूळ काळजीला मात्र पूर्ण भूल काहीच करत नाही. तुम्ही जागे आहात की झोपलेले, याचा जबड्यातल्या नसेला पत्ता नसतो. एकदा सुई फसली म्हणून एवढं सगळं करायचं, हे मला पटत नाही. भीती बसली असेल, आणि बसणारच, तर भूलतज्ज्ञाच्या उपस्थितीत हलकी गुंगी घेऊन खुर्चीतच काम होतं.

आता बासरी. खालच्या जबड्याची नस दाढांना आणि दातांना फांद्या देत पुढं येते आणि हनुवटीजवळ एका बारीक भोकातून बाहेर पडून खालच्या ओठात आणि हनुवटीच्या कातडीत पसरते. बरोबर तीच जागा, जिथं तुम्ही बासरी टेकवता. ही नस फक्त जाणिवेची आहे, ओठ हलवणारी नाही. ती दुखावली तर ओठ वाकडा होणार नाही, फुंकही जाईल. पण फुंकायचं भोक ओठाच्या कडेखाली नेमकं कुठं बसलंय, केवढं झाकलंय, हे कळणार नाही. स्वर किंचित चढवता-उतरवताना तुम्ही बासरी आत-बाहेर वळवता ती ओठाच्या जाणिवेवरच ना? बँकेतल्या तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हा त्रास झाला तर चहा पिताना हनुवटीवर ओघळ येईल, एवढंच. तुमचं गणित निराळं आहे आणि डॉक्टर ठरवताना ते पहिल्या वाक्यात सांगितलं पाहिजे. तिघांपैकी किती जणांना सांगितलंत? पत्रावरून वाटतं, तिसऱ्या बाईंनाच.

सगळ्या अक्कलदाढा मिळून पाहिलं तर ओठ कायमचा बधीर राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. पण तुमच्यासाठी ते आकडे बिनकामाचे, कारण तुमची दाढ सरासरीतली नाही. ओपीजीत, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या त्या लांबट एक्स-रेत, आम्ही तीन-चार खुणा शोधतो. नसेच्या कालव्याच्या दोन पांढऱ्या रेघांपैकी एखादी मुळापाशी तुटलीय का, मुळावर काळपट पट्टा दिसतो का, कालवा मुळापाशी येऊन वळलाय का. यातली एक जरी असली तर पुढं सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करायचा. ओपीजी म्हणजे भिंतीवर पडलेली सावली: दोन वस्तू एकमेकींवर दिसतात, पण खेटल्यात की हातभर लांब आहेत, ते कळत नाही. सीबीसीटीत ते तिन्ही बाजूंनी दिसतं. तुमच्या बाईंनी ‘खेटलेली दिसते’ म्हटलंय ते बहुधा ओपीजीवरून. तेव्हा खर्च करायचाच असेल तर आधी या फोटोवर करा, मशीनचं नंतर बघू. साताऱ्यात सोय नसली तर पुणं काही लांब नाही. आणि चिठ्ठीवर ‘३८’ लिहिलेलं दिसलं तर चपापू नका, तुमचं वय वाढवलेलं नाही. डाव्या खालच्या अक्कलदाढेचा तो नंबर.

हत्यारांबद्दल लोक जरा जास्तच विचारतात. मी शिकत होते तेव्हा आमच्याकडं छिन्नी-हातोडी चालायची. सर जिभेकडच्या हाडाचा पापुद्रा एका ठोक्यात उडवायचे आणि मी दोन्ही हातांनी खालून जबडा धरून उभी असायची, ठोका तळहातात उतरायचा. काम झपाट्यानं व्हायचं, पण जिभेची नस तिथंच हिरडीखाली असते आणि जिभेला महिनोन्‌महिने मुंग्या राहणारे पेशंटही मी पाहिलेत. बासरीवाल्याच्या जिभेवर, ‘त’काराच्या जागी, तो प्रयोग मी होऊ देणार नाही. आता बहुतेक ठिकाणी बर, म्हणजे फिरतं पातं. त्यावर सलाइनची धार हवीच, कारण हाड मिनिटभर ४७ अंशांवर तापलं तरी मरू लागतं. आणि ते सर्जरीचं हँडपीस हवं. दात भरायच्या एअररोटरची हवा कातडीखाली शिरून गाल फुगतो. पिएझोचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं. ते हाड कापतं आणि मऊ ऊतींना सहसा सोडून देतं. सूज थोडी कमी, वेळ जास्त. चांगलं यंत्र आहे. पण ‘नसेला धक्का लागतच नाही’ हे जाहिरातीचं वाक्य झालं. नस नुसती कापल्यानं दुखावत नाही. खेटलेलं मूळ उचकटताना ती चेंगरते आणि उचकटायला पिएझो असो की बर, शेवटी हात तोच.

म्हणून खरा फरक हत्याराचा नसतो, किती ओढाताण केली याचा असतो. ओंडका दारातून जात नसेल तर दार फोडायचं की ओंडका तोडायचा? चांगला सर्जन दाढेचे तुकडे करतो, हाड वाचवतो. आणि ओंडक्याचं टोक विजेच्या तारेलाच टेकलेलं असेल तर ते टोक तिथंच सोडून देतो. तुमच्या बाईंनी सांगितलं ते हे. त्याला कोरोनेक्टमी म्हणतात, १९८४ साली फ्रान्समध्ये ती पहिल्यांदा मांडली गेली. दाढेचा मुकुट पूर्ण काढायचा, मुळं हाडाच्या कडेखाली दोन-तीन मिलिमीटर घासून गुळगुळीत करायची, वरून हिरडी शिवून टाकायची. वर हाड भरून येतं. तुम्हाला ते अर्धवट काम वाटतं, पण तुमची दाढ तीनदा सुजली ती मुळांमुळं नाही. अर्धवट उगवलेल्या मुकुटावरच्या हिरडीखाली अन्न साचतं आणि कुजतं, म्हणून सुजली. मुकुट गेला की ती कोठडीच गेली.

अटी आहेत. दाढेची कीड गाभ्यापर्यंत गेलेली नसावी, मुळाशी पू नसावा, आणि काम चालू असताना मुळं हलली नाहीत पाहिजेत; हलली तर ती काढावीच लागतात, त्यामुळं संमतिपत्रात दोन्ही शक्यता लिहून घ्या. पुढच्या महिन्यांत मुळं हळूहळू वर सरकतात, नसेपासून दूर. थोड्या जणांना पुढं कधीतरी ती काढावी लागतात, पण तोवर ती नसेपासून सुटलेली असतात. दुसऱ्यांदा सुई घेण्याची ही शक्यता तुम्हाला नको असेल तर तेही मला समजतं. मी तुमच्या जागी असते तर ती पत्करली असती.

तेव्हा माझं ऐकायचं तर: सीबीसीटी करा आणि तिसऱ्या बाईंकडं जा. नस लांब निघाली तर त्याच तुमची आख्खी दाढ तुकडे करून काढतील, खुर्चीतच, जागेपणी. खेटलेली निघाली तर मुळं राहू द्या. त्यांना मागच्या वेळची हकीकत नीट सांगा: तोंड किती उघडत होतं, ओठ जड झाला होता, कळ कुठं आली. आणि विचारा, पहिला ब्लॉक नाही लागला तर पुढं काय करणार? ‘पुन्हा तोच देऊ’ असं उत्तर आलं तर उठून या. ‘वरून देऊ, दहा मिनिटं थांबू’ असं काही आलं तर निश्चिंत बसा. सूज पूर्ण बसलेली असताना जा, आता बसलीच आहे तर पुढच्या सणाची वाट बघू नका. मिश्री-तंबाखू असेल तर आधीपासूनच बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोरड्या खड्ड्याचं, म्हणजे दाढेच्या जागची रक्ताची गाठ निघून गेल्याचं, जे भयंकर ठणकणं सुरू होतं त्याला तंबाखूइतकं दुसरं काही निमंत्रण देत नाही. त्या दिवशी ओठ तीन-चार तास जड राहील, तेवढ्यात गरम चहा नको आणि ओठ चावून बघणं नको. थुंकायचं नाही, जोरानं चूळ भरायची नाही. बासरी किमान दोन आठवडे खुंटीला, मग टाके पाहून डॉक्टर सांगतील तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ झोपलेलाच असेल तर त्याच दिवशी फोन करा. ‘उतरेल उतरेल’ म्हणत आठवडा घालवू नका. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत परत येते. मुंग्या येऊ लागल्या की घाबरू नका, नस जागी होतेय.

अजून एक काम, कसलाही खर्च नसलेलं. सर्जरीच्या आधी डॉक्टरांना ओठाच्या आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कापसाचं टोक फिरवायला सांगा आणि काय जाणवतं ते केसपेपरवर लिहून घ्या. आणि आदल्या रात्री तुम्ही स्वतः डोळे मिटून बासरी ओठाला लावा, दोन-तीन मिनिटं नुसती टेकवून ठेवा, न वाजवता. डावीकडं बांबूची कड कुठं लागते, गार लागते की नाही, लक्षात ठेवा. नंतर तुलना करायला तेवढंच लागेल, आणि ते तुमच्याइतकं नेमकं दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.